कॅचर कोण होता ते लिही

लोगन्सफोर्ड, इंडियाना
१७ एप्रिल १९८८

प्रिय वर्ना,

हे पत्र खुर्च्यांसाठी आहे. दुसरा काही अर्थ काढू नकोस, आणि डोरीनला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

काल घरच्या मैदानावर आपल्या बेसबॉल संघाचा, बगळ्यांचा, यंदाचा पहिला सामना झाला. आपल्या दोन खुर्च्यांचे पास मी नेहमीसारखे फेब्रुवारीतच घेऊन ठेवले होते, कारण तेव्हा तू फक्त हिवाळ्यापुरती बहिणीकडे, डोरीनकडे गेली होतीस. मार्चमध्ये तुझं 'मी इथेच राहीन म्हणते' आलं, तोवर पास ड्रॉवरमध्ये पडले होते. आता मैदानाच्या ऑफिसातली नवी बाई सांगते की मालक बदलले, नियम बदलले. जोडीच्या खुर्च्या दोघांच्या नावावर असल्या तर पुढच्या वर्षासाठी दोघांच्या सह्या हव्यात, ऑगस्ट संपायच्या आत. एकच सही आली तर एकच खुर्ची, दुसरी जो मागेल त्याला. सोबत कागद पाठवतो आहे. तुझी सही जिथे हवी तिथे मी पेन्सिलीने फुली मारली आहे. म्हणजे परत यायचं की नाही हे तुला ठरवावं लागेल. आणि ते मी विचारत नाहीये, ऑफिस विचारतंय.

आता संघाचं सांगतो. सामन्याची सुरुवात करणारे पिचर यंदा चार आहेत, त्यातले दोन बघण्यासारखे. स्लोकम परत आला आहे. पोट सुटलंय, पण डोकं शाबूत आहे. हातातली ताकद गेली की माणूस लबाडी शिकतो, तसं त्याचं झालंय. चेंडू इतका रमतगमत येतो की समोरचा आधीच बॅट फिरवून मोकळा होतो आणि मग चेंडू येताना बघत बसतो. दुसरा एक नवा पोरगा आहे, पेरडोमो, डोमिनिकन. मिशी नीट फुटलेली नाही, इंग्रजी चार शब्द, पण काय हात आहे वर्ना! चेंडू सुटतो तो दिसत नाही, नुसता कॅचरच्या हातमोज्यात बसल्याचा आवाज येतो. हा पोरगा दोन वर्षांत मोठ्या संघात नसेल तर मी माझी टोपी खाईन.

कॅचरचं तू विचारशील म्हणून लिहितो. दोन आहेत. एक तरुण, एक म्हातारा. दोघंही उकिडवे बसतात.

जिन्यापाशी जागा दाखवणारा आपला ओटिस होता, हातात तेच फडकं. त्याने माझी खुर्ची पुसली, मग तुझीही पुसली. म्हणाला, "बाईसाहेब मागून येतायत ना?" मी म्हटलं, डोरीनची तब्येत बरी नाही, तिच्याकडे गेली आहे. एवढं चालतं. तुझ्या खुर्चीवर मी माझा कोट ठेवला, म्हणजे कुणी येऊन बसायला नको.

क्लेटन

*

८ मे १९८८

प्रिय वर्ना,

कागद मिळाला की नाही एवढं तरी कळव. टपालखात्यावर माझा विश्वास नाही.

पेरडोमोबद्दल जे लिहिलं होतं ते तूर्त बाजूला ठेव. गेल्या तीन खेपेला त्याने जे काही केलं त्याला चेंडू फेकणं म्हणत नाहीत. पहिला डाव झकास जातो. मग एक चेंडू बाहेर पडतो, मग दुसरा, मग पोराची मान खाली जाते आणि पुढचे चेंडू थेट कुंपणावर. आपल्या मागच्या रांगेतला गस, तो खाटिक, त्याचा आवाज तुला माहीत आहे. काल ओरडला, "अरे बाळा, चेंडू फेकतोस की पत्र टाकतोस? पत्ता तरी नीट लिही!" सगळी रांग हसली. मीसुद्धा हसलो, पण मनातून वाईट वाटलं. एवढा चांगला हात असा वाया चालला आहे.

माझं मत स्पष्ट आहे. दोष त्याच्या डोक्यात आहे, दुसरा कुठेही नाही. पिचरला एकट्याने उभं राहता आलं पाहिजे. मैदानाच्या मधल्या त्या उंचवट्यावर तो आणि देव, तिसरा कुणी नाही. स्लोकमला बघ. संघ हरत असो की जिंकत असो, तो तंबाखू चघळत तसाच उभा.

सुदैवाने कॅचर म्हणून वेनरिच आहे. हा तो तरुण. दिसायला सिनेमातल्यासारखा, बॅट तर अशी चालवतो की त्याच्या एकट्याच्या धावांवर आपण दोन सामने जिंकलो. म्हाताऱ्या फ्रायबर्गची बॅट चेंडूला लागत नाही, म्हणून तो कोपऱ्यात बसून सूर्यफुलाच्या बिया चघळतो. बरोबरच आहे.

कॉफी घ्यायला गेलो तर सवयीने दोन घेऊन आलो. दुसरी गार झाली. तीही प्यालो.

क्लेटन

*

२९ मे १९८८

प्रिय वर्ना,

तुझं कार्ड आलं. एका बाजूला निवडुंग, दुसऱ्या बाजूला एक ओळ. 'पेरडोमोच्या वेळी कॅचर कोण होता ते लिही.' बस्स. तू कशी आहेस ते नाही, तिथे ऊन किती ते नाही, सहीचं तर नावच नाही. महिनाभर वाट पाहून माणसाला मिळालं काय, तर काटेरी झाड आणि परीक्षेतला प्रश्न.

वेनरिच होता. प्रत्येक वेळी वेनरिचच होता. आता यातून तू काय काढणार ते मला इथे बसून ऐकू येतं. पण टूसॉनच्या अंगणात बसून इंडियानातला संघ चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. सामना मी पाहिला. चेंडू पेरडोमोने टाकले. वेनरिचने ते पकडले, जे पकडण्यासारखे होते ते. कॅचर म्हणजे भिंत, वर्ना. भिंत उभी असली म्हणजे झालं. भिंतीमुळे कुणी वाईट फेकत नाही.

घरी परतताना गाडीत आपलं हेच व्हायचं. मी म्हणायचो, काय फेकला ना आज? तू म्हणायचीस हो. मग जरा वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणायचीस, "आज कॅचरने त्याला दोनदा सांभाळून घेतलं." किंवा, "कॅचरचा गुडघा दुखतोय, उठताना हात टेकला त्याने." मी हसायचो. म्हणायचो, सगळं गाव नवरदेव बघायला जातं आणि आमची ही घोडा बघून येते. गसलाही सांगितलं होतं मी हे. तो अजून सांगत फिरतो.

ठीक आहे, गंमत पुरे. सहीचं बघ.

क्लेटन

*

५ जुलै १९८८

प्रिय वर्ना,

एक घोटाळा झाला आहे. सोबतच्या पाकिटात एक मोठं कार्ड आहे, त्यावर फुलं आहेत आणि 'लवकर बऱ्या व्हा' असं लिहिलं आहे. ते डोरीनसाठी आहे. आपल्या बाजूच्या सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. गसने स्वतःच्या हाताने हृदयाचं चित्र काढलं आहे, ते मटणाच्या तुकड्यासारखं दिसतं, पण भावना चांगली आहे. ओटिसच्या बायकोने लोकरीचे पायमोजे विणून दिलेत, तेही पाठवतो आहे. ॲरिझोनात जुलैत लोकरीचे पायमोजे म्हणजे काय, ते मला कळतं. पण मी काय सांगणार होतो? मे महिन्यात डोरीनचा पाय दुखत होता, जूनमध्ये लोकांनी विचारलं म्हणून मला तो मोडावा लागला. एक खोटं बोललं की त्याला जेवू घालत बसावं लागतं. डोरीनची माफी माग. तिला ठणठणीत ठेवूनच हे सगळं केलं आहे.

काल चार जुलैचा दुपारचा सामना. मैदान तुडुंब. एक बाई कडेवर मूल घेऊन आली, माझा कोट बघून म्हणाली, "ही खुर्ची कुणाची आहे का हो?" मी म्हटलं, माझ्या बायकोची. ती म्हणाली, "येतीलच ना त्या, तोवर बसू?" मी नाही म्हटलं. ती बाई जिन्यात बसली, मूल मांडीवर घेऊन, सगळे डाव. माझ्यावर रागावलेली ती एकटीच नव्हती. ओटिससुद्धा रागावला होता.

लोक उठून राष्ट्रगीत म्हणत होते तेव्हा उगाच एक आठवलं. आपण खुर्च्या घेतल्या तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात तू सगळा वेळ माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसायचीस. नंतर नंतर नुसता पिचर चेंडू टाकायला लागला की तेवढ्यापुरती वाकायचीस, आणि चेंडू गेला की सरळ. मला वाटायचं, तुला धडधडतं. पुढे तेही सोडलंस. मी कधी बोललो नाही, पण मला ते लागलं होतं. मनात म्हटलं, झालं, आता आपण जुने झालो. बायकांचं मन एकदा थंड झालं की झालं. हे लिहायचं नव्हतं. खोडणार होतो, पण मग कागद खराब दिसला असता.

पेरडोमो परत हरला. वेनरिचने एक चेंडू कुंपणापार मारला.

क्लेटन

*

२४ जुलै १९८८

प्रिय वर्ना,

तुझं दुसरं कार्ड पोचलं. त्यावर तीन ओळी आहेत, म्हणजे प्रगती आहे. 'डोरीनने कार्ड फ्रिजवर लावलंय, हसून हसून तिचा खरंच पाय मुरगळला असता. लोकांना खोटं सांगू नकोस. पेरडोमोला फ्रायबर्ग द्या.' द्या म्हणजे? मी काय संघाचा मॅनेजर आहे? मी कडेच्या खुर्चीत बसणारा, बरण्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, एक गुडघा गेलेला माणूस आहे.

पण आता सांगतो ते ऐक, आणि ऐकून हसू नकोस. मंगळवारी वेनरिचचा अंगठा सुजला. दुसरा माणूसच नाही म्हणून फ्रायबर्गला उभा केला, म्हणजे बसवला. पिचर पेरडोमो. गस म्हणाला, "क्लेट, चल घरी जाऊ, आज दोन्हीकडून बोंब." आणि त्या पोराने सहा डाव एकही धाव दिली नाही. मधे एकदा त्याचे दोन चेंडू बाहेर गेले. मी म्हटलं, झालं, आता मान खाली जाणार. तेवढ्यात फ्रायबर्ग उठला, चेंडू हातात चोळत रमतगमत उंचवट्यापर्यंत गेला, काहीतरी बोलला. त्याला स्पॅनिश येत नाही, पोराला इंग्रजी येत नाही. काय बोलला कोण जाणे. पोरगा हसला. मग सगळं ठीक.

शनिवारी पुन्हा तीच जोडी, पुन्हा विजय. गस आता फ्रायबर्गला 'आजोबा' म्हणतो आणि ते कौतुकाने म्हणतो.

तुझं बरोबर होतं. झालं समाधान? पण मला एक कळत नाही. तू दीड हजार मैलांवरून जे सांगितलंस ते मी रोज समोर बसून का पाहिलं नाही? ओटिसला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही पिचरला बघता साहेब. बाईसाहेब कॅचरला बघायच्या." मी म्हटलं, ते तर मलाही माहीत आहे. तो फडकं झटकून निघून गेला.

ऑफिसातल्या बाईने आठवण केली. महिना राहिला आहे. तिथे हिवाळा तुला मानवतो हे मला मान्य आहे. पण हिवाळ्यात बेसबॉल नसतंच, तेव्हा हिवाळा तिथे काढायला माझी हरकत नाही. एवढंच सुचवून ठेवतो.

क्लेट

*

१४ ऑगस्ट १९८८

वर्ना,

मी शुद्धीवर आहे, प्यालेलो नाही. हे आधी सांगतो, कारण अक्षर नीट येत नाहीये.

आज दुपारी सामन्याला गेलो तर माझ्या खुर्चीची फळी मोडलेली. ओटिस म्हणाला, "सुतार सोमवारी यायचाय. आज बाईसाहेबांच्या खुर्चीत बसा. कोटाला उठवा जरा." मी म्हटलं, नको, उभा राहतो. तो म्हणाला, "त्या गुडघ्यावर? बसा हो. खुर्ची चावत नाही." मग कोट मांडीवर घेऊन मी बसलो.

आज पिचर स्लोकम होता. म्हणजे असावा. मला तो दिसला नाही.

समोर खांब होता. छप्पर पेलणारा तो हिरवा लोखंडी खांब. तो तिथे आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण माझ्या खुर्चीतून तो कडेला कुठेतरी असतो, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. तुझ्या खुर्चीतून तो नेमका पिचरच्या उंचवट्यावर येतो. बाकी सगळं दिसतं. जमिनीत बसवलेली पांढरी प्लेट दिसते, तिच्यापाशी बॅट घेतलेला दिसतो, पंच दिसतो, कॅचर तर हाताच्या अंतरावर असल्यासारखा दिसतो. पिचर नाही. चेंडू खांबातून निघतो आणि मोज्यात जाऊन बसतो.

मी डावीकडे वाकून पाहिलं. खांबच. मग उजवीकडे वाकलो, माझ्या खुर्चीच्या बाजूला, बराच वाकलो. त्या खुर्चीत कुणी बसलेलं असतं तर माझं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं असतं. तेव्हा स्लोकम दिसला.

मी परत सरळ झालो. पुन्हा तेवढाच वाकलो. गस मागून म्हणाला, "काय रे क्लेट, मान धरली का?"

आधी मला तुझा राग आला, खरं सांगतो. म्हटलं, या बाईला तोंड नव्हतं का? वीस-बावीस वर्षं शेजारी बसून एक शब्द नाही? मी काय राक्षस होतो, जागा बदलली नसती? मग माझ्याच लक्षात आलं, कडेची खुर्ची मला गुडघ्यासाठी लागते म्हणून मी तुला कधी विचारलंच नव्हतं की तुला कुठली हवी. आणि गुडघा गेला तो आपण खुर्च्या घेतल्यानंतर चार वर्षांनी. त्याआधीही कडेला मीच बसायचो.

ओटिस आला तेव्हा त्याला विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, "साहेब, या खुर्च्या मी रोज पुसतो. मला कसं माहीत नसेल?" मग फडक्याची घडी करत म्हणाला, "बाईसाहेबांनी एकदा विचारलं होतं मला, दुसरी जागा मिळेल का म्हणून. पुष्कळ वर्षं झाली. मी म्हटलं, खाली जाळीजवळ एक आहे, मस्त आहे, पण एकच आहे. जोडीची नाही. त्या म्हणाल्या, मग राहू दे ओटिस, मला कॅचर दिसतो."

त्यापुढचे डाव मी पाहिले नाहीत. खांबाकडे बघत बसलो होतो. गाडीत तुला रोज विचारायचो, काय फेकला ना आज? आणि तू हो म्हणायचीस. आणि मी गसला घोड्याचा विनोद सांगायचो. वर्ना, मला फार लाज वाटते आहे.

क्लेट

*

२९ ऑगस्ट १९८८

प्रिय वर्ना,

सुताराने माझी खुर्ची केव्हाच दुरुस्त केली. मी मात्र तुझ्याच खुर्चीत बसतो. माझ्या खुर्चीत चार जुलैची ती बाई बसते, मूल घेऊन. तिला शोधून काढलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, "तुमच्या मिसेस रागावणार नाहीत ना?" मी तिला खरं काय ते सांगितलं. मग ओटिसला, मग गसला. गसने टोपी मागे सरकवली. नंतर म्हणाला, "मग डोरीनचा पाय?" मी म्हटलं, दोन्ही पाय जाग्यावर आहेत. तो म्हणाला, "हलकटा, मी हृदय काढलं होतं!"

काल शेवटचा सामना झाला. पेरडोमो आणि फ्रायबर्ग. फ्रायबर्गचा हा शेवटचा, त्याला पुढच्या वर्षी ठेवणार नाहीत, सगळ्यांना माहीत होतं. मी नऊच्या नऊ डाव खांबाआडून पाहिले. एकदाही वाकलो नाही. तुला सवय आहे कॅचरचं वाचायची, म्हणून लिहितो. चुकलं तर हसू नकोस.

तो डावा हात मोज्यात घालून पुढे धरतो आणि उजवा, उघडा हात पाठीमागे लपवतो, चेंडू लागू नये म्हणून. पिचरला समोरून फक्त मोजा दिसतो, आणि मोजा अगदी शांत असतो. पण आपण मागे बसतो, आपल्याला तो दुसरा हात दिसतो. त्याची दोन बोटं पट्टीने एकत्र बांधलेली होती. पेरडोमोचा चेंडू भरकटला की त्या हाताची मूठ वळायची. मग हळूहळू उघडायची. आणि पुढे मोजा तसाच, जणू काही झालंच नाही. पाचव्या डावात एक चेंडू जमिनीवर आपटून त्याच्या गळ्यापाशी लागला. तो गुडघ्यावर बसून राहिला. पंचाने विचारलं तर मान हलवली. पेरडोमो धावत पुढे आला असावा, कारण फ्रायबर्गने त्याला पट्टी बांधलेल्या हाताने परत जा, परत जा अशी खूण केली. परत बसला तेव्हा हात पुन्हा पाठीमागे गेला.

आपण जिंकलो. लोक पेरडोमोच्या नावाने ओरडत होते. मीही ओरडलो असतो, पण मला तो दिसतच नव्हता. मी म्हाताऱ्याकडे बघत होतो. तो मुखवटा काढून एकटाच प्लेट साफ करत होता, पायाने, जसं कुणी घर सोडताना उंबरा पुसतं. मला रडू आलं. त्या बाईने मला मुलाचा रुमाल दिला.

इतकी वर्षं तू हे बघत होतीस, आणि मी विचारत होतो काय फेकला ना आज.

कागदाचं आता म्हणत नाही. मुदत परवा संपते. सही कर म्हणून मी पेन्सिलीने फुली मारली होती ती विसरून जा. तुला जे वाटतं ते कर. माझा एकच प्रश्न आहे, आणि तो ऑफिसचा नाही. ते खांद्यावर वाकणं, ते सगळं पिचर दिसावा म्हणूनच होतं का? खरं सांग. आता मला खरं चालेल.

तुझा,
क्लेट

*

टूसॉन, ॲरिझोना
४ सप्टेंबर १९८८

क्लेट,

तुझी सगळी पत्रं समोर घेऊन बसले आहे. डोरीन म्हणते मी दगड आहे. असेन. तिने लोकरीचे पायमोजे घातले आहेत, पंखा लावून.

सही करत नाही. मुदत टळून गेली हे माहीत आहे, तरी सांगते, म्हणजे मी ते टपालावर ढकललं असं व्हायला नको. मी परत येणार नाही क्लेट. खुर्ची त्या बाईला मिळाली तर बरं. पण तिला खांबाचं आधी सांग. तू कडेच्या खुर्चीत परत जा, गुडघ्याला ती हवीच.

खांबाचं फार मनाला लावून घेऊ नकोस. मला कॅचर आवडायला लागले ते खरेच आवडायला लागले. मला जड गेलं ते गाडीत. तू रोज विचारायचास आणि मी रोज हो म्हणायचे. न पाहिलेल्याला इतकी वर्षं हो म्हटलं की माणूस थकतो. त्याला याहून मोठं कारण लागत नाही. मी तुला एकदा सांगितलं होतं, मला पिचर दिसत नाही म्हणून. तू म्हणालास, "आज न दिसलेलाच बरा, कसला घाण फेकतोय." आणि सगळे हसले. मीही हसले. तिथेच मी नेट धरून पुन्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ते माझं.

इथे कॉलेजच्या मैदानावर जाळीमागे उघडी बाकं आहेत. छप्पर नाही, खांब नाही. दोघंही दिसतात. मी पिचरकडे बघायचं विसरून जाते.

फ्रायबर्गचं दोनदा वाचलं. चुकलं नाहीस. तो पाठीमागचा हात मी कधी कुणाला सांगितला नव्हता.

तू विचारलंस त्याचं उत्तर. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात, भर सामन्यात तू म्हणालास, "वर्ना, जरा सरळ बस, खांदा अवघडतो." तुला आठवणार नाही. मी सरळ बसले, तेव्हा समोर खांब आला. त्यानंतर जेवढं वाकले ते पिचर दिसावा म्हणून, आणि मग तेही सोडलं. पण त्याच्या आधीचं तसं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात तो खांब मला दिसलाच नव्हता.

वर्ना